जुन्या चढाईला नवे माप



कबड्डीची गोष्ट निघाली की आपल्या गावात ताबडतोब दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, जुने हुतुतूचे गडी म्हणजे वाघ. आजचे सारे गादीवरचे पहिलवान. दुसरा म्हणतो, २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगमध्ये त्या वाघांतला एकही टिकला नसता. दोघेही माप कोणते हे ठरविण्यापूर्वीच मोजावयास लागतात.

एक उदाहरण घेऊ. एका गड्याने चढाईत तिघांना शिवले आणि तो सुखरूप परतला. या चढाईचे मोल किती? पूर्वी या खेळाच्या तीन तऱ्हा होत्या. 'अमर' खेळात शिवलेला गडी मैदानातच राही. गुण तेवढे लिहिले जात. 'गामिनी'त बाद झालेला गडी, आपला सारा संघ बाद होऊन लोण लागेपर्यंत, बाहेरच बसे. 'संजीवनी'त प्रतिपक्षाचा एक गडी मारला की आपला एक उठे. आजची कबड्डी याच तत्त्वावर उभी आहे. म्हणजे तीच चढाई अमरमध्ये तीन गुणांची, संजीवनीत तीन गुण आणि घटकाभराचे खिंडार, तर गामिनीत प्रतिपक्षाच्या तीन जागा लोण लागेपर्यंत ओस! आजच्या गुणफलकावर मात्र तिच्यासमोर तीन हाच आकडा दिसेल.

उलट बाजूही पाहा. आजच्या चढाईला तीस सेकंदांची मुदत आहे. लीगमध्ये दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसरीत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद होतो. या नियमात वाढलेल्या प्रेक्षकाला, रेषेजवळ घुटमळून परत येणारा जुना गडी भित्रा वाटेल. परंतु गामिनीत संघाचा मुख्य गडी एकदा गेला की तो लवकर परतत नसे. तेथे हात राखून खेळणे हाच शहाणपणा होता.

मातीत अनवाणी घेतलेले वळण आणि बूट घालून गादीवर घेतलेले वळण, हीही एक नव्हेत. मात्र आजच्या खेळाडूचे काम सोपे झाले असे समजू नये. त्याची प्रत्येक चढाई चित्रित होते, आणि प्रतिपक्ष ती पुन्हा पुन्हा पाहून त्याची खोड ओळखतो. जुन्यांना हा जाच नव्हता.

आम्ही कामगार संघटनेतली माणसे विणकराचे काम मोजताना आधी विचारतो, सूत कोणत्या प्रतीचे, माग कोणत्या बनावटीचा? मग वार मोजतो. खेळालाही हाच न्याय लावावा. त्या काळच्या नियमांत, समोर उभ्या असलेल्या गड्यांविरुद्ध, याने इतरांहून अधिक काय केले, एवढेच विचारावे.

१९३६ साली आपल्या विदर्भातील अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन येथे ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखविले. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा मान मिळाला, आणि पहिले सुवर्ण भारताने जिंकले. या चोपन्न वर्षांत गावोगाव जे खेळले, त्यांच्यापैकी बहुतेकांचे ना चित्रीकरण आहे, ना आकडे. हजेरीपटावर नाव नाही म्हणून वीस वर्षे राबलेल्याचा हक्क नाकारला जाताना मी पाहिला आहे. या खेळाडूंचे तसे होऊ नये.

म्हणून व्यायामशाळांच्या चालकांना एक विनंती आहे. तालुक्यातील वृद्ध खेळाडूंकडे वही घेऊन जा. किती गडी मारले हे विचाराच. पण खेळ कोणत्या तऱ्हेचा होता, मैदान कसे होते आणि समोर कोण होते, हे त्याच्या आधी लिहून घ्या.