मेंदूचा अहवाल हाती आल्यावर

युनियनच्या कचेरीत आमच्यापुढे पूर्वी आरोपपत्रे आणि पगाराचे हिशेब येत; अलीकडे त्यांच्या जोडीला मोठाले लखोटेही येऊ लागले आहेत. आत मेंदूच्या एमआरआयच्या फिल्म आणि इंग्रजी अहवाल. मेंदूच्या डॉक्टरांची तारीख तीन आठवड्यांवर असते, आणि तोवर त्यातला एकेक शब्द घरादाराची झोप उडवतो. या भीतीपोटी राजीनामा लिहून आणणारे कामगारही आम्ही पाहिले आहेत. आम्ही डॉक्टर नव्हे. जाणत्यांकडून जे समजून घेतले तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम हे चित्र निघते कसे ते पाहू. सीटी स्कॅन क्ष-किरणांनी काढतात. माणसाच्या मेंदूचा असा पहिला स्कॅन १९७१ साली लंडनमध्ये झाला. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. तेथे शक्तिशाली चुंबकाच्या क्षेत्रात रेडिओलहरी सोडल्या की शरीरातील पाण्यामधले हायड्रोजनचे अणू संकेत देतात आणि त्यांवरून चित्र तयार होते. म्हणून काही चित्रांत पांढरा ठिपका दिसला, तर त्या जागी पाण्याचे प्रमाण बदलले आहे एवढे बहुधा कळते. ते का बदलले, हे ठिपका सांगत नाही. वाढते वय, जुना रक्तदाब, मधुमेह, अर्धशिशी, एखादा दाह, यांपैकी कशानेही तसाच ठिपका उमटू शकतो.

आता अहवालातील शब्द घ्या. ‘नॉन-स्पेसिफिक’ म्हणजे एका ठरावीक रोगाकडे बोट दाखवता येत नाही. ‘लीजन’ म्हणजे बदल झालेली जागा. ती गाठच असते असे नाही. ‘इन्सिडेंटल’ म्हणजे शोधत नसता सहज आढळलेले. ‘क्लिनिकल कोरिलेशन’ म्हणजे रुग्णाला तपासून हे ताडून पाहावे. अहवाल लिहिणाऱ्या डॉक्टरांपुढे बहुधा फिल्म आणि दोन ओळींची चिठ्ठी असते, माणूस नसतो. आरोपपत्रानंतर चौकशी व्हावी लागते, तशीच येथेही तपासणी बाकी असते.

हॉलंडमधील रॉटरडॅम शहरी रुग्ण म्हणून नव्हे, तर अभ्यासासाठी बोलावलेल्या २००० नागरिकांचे मेंदू एमआरआयने पाहिले. त्यांचे सरासरी वय ६३ होते. २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शंभरांत सुमारे सात जणांच्या मेंदूत रक्तपुरवठा तुटल्याच्या खुणा निघाल्या, तर दोघांपेक्षा किंचित कमी जणांच्या रक्तवाहिनीला फुगवटा निघाला. अशा सगळ्याच खुणा निरुपद्रवी असतात, असे मात्र कोणी समजू नये. म्हणूनच विशेषज्ञाची भेट चुकवू नये.

मधल्या दिवसांत करण्यासारखे पुष्कळ आहे. ज्या डॉक्टरांनी स्कॅन सांगितला त्यांना सरळ विचारावे : ‘यात तातडीचे काही आहे काय? तारीख अलीकडे घ्यावी काय?’ तक्रार केव्हा सुरू झाली, किती वेळ टिकते, कशाने वाढते, हे वहीत तारखेनिशी लिहावे. जुन्या फिल्म व सीडी शोधून ठेवाव्यात. ठिपका पूर्वीचा की नवा, हे त्यांवरून कळते. रक्तदाब व साखर तपासावी. चालू औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत.

पण तोंड एकाएकी वाकडे झाले, हातपाय लुळा पडला, बोलणे अडखळले, दिसेनासे झाले, फीट आली, शुद्ध हरपली किंवा पूर्वी कधी नव्हे अशी डोकेदुखी अचानक उसळली, तर तारखेची वाट पाहू नये. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. त्यामुळे त्रास नेमका किती वाजता सुरू झाला, ते घरच्यांनी लक्षात ठेवावे.

राहिला राजीनामा. निदान होऊन, ‘मला हे काम करता येईल काय?’ हा प्रश्न डॉक्टरांना विचारल्यावाचून त्यावर सही करू नये. तोवर रजेचा अर्ज पुरेसा आहे.