तलंगा अंड्यावर उशिरां कां येतात ?

शिरूर आणि दौंड या तालुक्यांत वाडीवस्तीवरील पुष्कळ घरांच्या परसांत चारसहा कोंबड्या असतात. अंड्यांचा पैसा थोडा खरा, परंतु तो बहुधा गृहिणीच्या हातीं राहतो, आणि मीठमिरची, मुलांच्या वह्या असले खर्च त्यांतून भागतात. म्हणूनच मोठ्या आशेनें वाढविलेली तलंग सहा महिने भरूनही अंडें देत नाहीं असें दिसलें, म्हणजे ती वांझ ठरते आणि येत्या बाजारीं तिची रवानगी होते. कापल्यावर तिच्या पोटांत पिवळ्या बलकांचा लहानमोठा घोस निघावा, असेंही घडतें. अशा वेळीं आठदहा दिवसांचा धीर कमी पडला, एवढाच त्याचा अर्थ.

पहिला प्रश्न जातीचा. सर्वच कोंबड्यांना एक पंचांग लागू पडत नाहीं. व्हाइट लेगहॉर्न ही खास अंड्यांसाठीं निपजविलेली जात १८ ते २० आठवड्यांत अंड्यावर येते. हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संस्थेनें परसांतील पालनासाठीं तयार केलेल्या ग्रामप्रिया व वनराजा या जातींना साडेपांच ते सहा महिने लागतात. गांवठी कोंबडी सहा ते आठ महिन्यांनीं अंडें देऊं लागते. तेव्हां शेजारच्या पिंजऱ्यांतील लेगहॉर्नशीं आपल्या गांवठी तलंगेची तुलना करून तिला दोष देणें न्यायाचें नव्हे.

वय भरलें तरी शरीर भरलें पाहिजे. निसर्गाचा क्रम असा, कीं आधीं हाडमांस आणि मग अंडें. हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत येतात. पावसाळ्यांत वाळवी, नाकतोडे, किडे व कोवळा पाला मुबलक मिळतो. उन्हाळ्यांत माळ उघडा पडला, कीं कोंबडीचें पोट मूठभर बाजरीवरच भरावें लागतें. बाजरीच्या शंभर भागांत प्रथिन सुमारें ११ भाग असतें. अंड्यावर येणाऱ्या तलंगेस तें १६ ते १८ भाग लागतें. म्हणून धान्याबरोबर शेंगदाण्याची बुरशी नसलेली पेंड, डाळीचा चुरा व हिरवा पाला द्यावा. एका अंड्याच्या कवचांत सुमारें २ ग्रॅम कॅल्शियम जातें. त्यासाठीं शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यांत ठेवावा. कोंबडी गरजेपुरता तो स्वतःच टिपते.

तिसरें कारण उजेडाचें. कोंबडीला प्रकाश केवळ डोळ्यांनींच जाणवतो असें नाहीं. तो कवटींतून थेट मेंदूस पोंचतो आणि तेथून अंडाशयास जागें होण्याची आज्ञा सुटते. शिरूर-दौंडच्या अक्षांशावर जूनमध्यें दिवस सुमारें सव्वातेरा तासांचा, तर डिसेंबरांत अकरा तासांचा असतो. दिवस वाढत असतां तलंगा लवकर अंड्यावर येतात, घटत असतां रेंगाळतात. फाल्गुनांत निघालेलीं पिलें भाद्रपदांत सहा महिन्यांचीं होतात, तेव्हां दिवस लहान होत असतो. त्यांत ऊंसाच्या पट्ट्यांत बिबट्याचा वावर असल्यानें कोंबड्या दिवस मावळण्यापूर्वींच कोंडाव्या लागतात. आणि सकाळीं कामाच्या गडबडींत खुराडें उशिरां उघडलें, तर उजेड आणखी घटतो. खुराड्यांत पहांटे नित्य ठराविक वेळीं दिवा लावून उजेडाचे एकूण चौदा तास भरले, तर पुष्कळ फरक पडतो. मात्र हा उपाय पूर्ण वाढलेल्या तलंगांसाठींच आहे. कोवळ्या वयांत तो केल्यास शरीर भरण्यापूर्वींच अंडीं सुरू होऊन कोंबडी खंगते.

उन्हाळा व आजार यांचाही यांत वांटा आहे. चैत्र-वैशाखांत दौंडकडे पारा चाळिशी ओलांडतो; त्या तलखींत कोंबडी धापा टाकते, दाणा सोडते आणि तिची वाढ खुंटते. गार पाणी व दाट सावली हेंच तेव्हांचें औषध. पोटांतील जंत आणि पिसांतील उवा अन्नाचा मोठा वांटा पळवितात. मानमोडी, म्हणजेच राणीखेत रोग, यांतून वांचलेली तलंगही पुष्कळ दिवस मागें पडते. त्या रोगाची लस वेळेवर टोंचून घ्यावी व जंतांचें औषध पशुवैद्यांच्या सल्ल्यानें द्यावें.

शिवाय कित्येकदां तलंग अंडीं देत असते, पण तीं मालकाला दिसत नाहींत. कडब्याची गंज, ऊंसाचें शेत, गोठ्यांतील अंधारी गव्हाण असा आडोसा ती शोधते, आणि मुंगूस किंवा सर्प त्याचा लाभ घेतो. तिला दोनतीन दिवस सकाळीं दहापर्यंत कोंडून ठेवलें, तर खरें काय तें कळतें. खुराड्याच्या कोपऱ्यांत भुसा घातलेली टोपली असली, तर तिला तेथेंच बसण्याची संवय लागते.

बाजारचा विचार करण्यापूर्वीं तलंगेची एक साधी परीक्षा घ्यावी. तुरा लहान व फिकट असेल, तर तिला अवकाश आहे. तुरा तांबडा होऊन फुगला, माणूस जवळ येतांच ती अंग चोरून खालीं बसूं लागली, कोपरे धुंडूं लागली, म्हणजे वेळ जवळ आली. शेपटीखालीं गुदद्वाराच्या दोहों बाजूंस जीं दोन अणकुचीदार हाडें लागतात, त्यांमध्यें दोन बोटें सहज मावत असतील, तर ती अंडीं देत आहे किंवा लवकरच देईल. गांवठी तलंग आठ महिन्यांची होऊन, खाणें व उजेड पुरेसा मिळूनही हीं लक्षणें दिसलीं नाहींत, तर मात्र तिला खुशाल विकावी. त्याआधीं विकणें म्हणजे पीक पोटरींत आलें असतां वैरणीसाठीं कापून टाकण्यासारखें आहे.