‘एकाच वेळी’ म्हणजे नेमके केव्हा?

“आइन्स्टाइनने सांगितलेच आहे, सगळे सापेक्ष असते, खरेखोटे असे काही नसतेच,” असे वाक्य कॉलेजातील मुलांच्या तोंडी अधूनमधून ऐकू येते. घरची मोठी माणसे मग मुलांवर रागावतात, नाहीतर विज्ञानाला दोष देतात. आम्हाला वाटते, त्याआधी हा सिद्धांत काय सांगतो ते पाहावे.

1905 साली, बर्नच्या पेटंट कचेरीत नोकरी करणाऱ्या 26 वर्षांच्या अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी तो मांडला. पुढे 1917 साली सामान्य वाचकांसाठीच्या पुस्तकात त्यांनी आगगाडीचे उदाहरण दिले. धावत्या गाडीच्या दोन्ही टोकांशी वीज कोसळते. रुळाशेजारी, त्या दोन जागांच्या बरोबर मध्ये उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही लखलखाट एकदम दिसतात. तो म्हणतो, विजा एकाच वेळी पडल्या. गाडीच्या मध्यावर बसलेला प्रवासी मात्र पुढच्या प्रकाशाला सामोरा जात आहे. त्याला पुढचा लखलखाट आधी दिसतो.

कोणी म्हणेल, हा नुसता दिसण्यातला फरक झाला. गडगडाट उशिरा ऐकू आला, तरी वीज केव्हा पडली याचा हिशेब आपण करतोच ना? प्रवाशानेही तसा करावा. पण गोम इथेच आहे. प्रकाशाचा वेग, सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर, मोजणारा उभा असो वा धावत असो, सारखाच भरतो. प्रवाशापासून गाडीची दोन्ही टोके सारख्याच अंतरावर आहेत. तरी पुढचा प्रकाश आधी पोचला. म्हणजे त्याच्या हिशेबाने पुढची वीज खरोखरच आधी पडली. दोघांचेही गणित बरोबर आहे.

600 मीटर लांबीची गाडी ताशी 108 किलोमीटर वेगाने धावत असेल, तर हा फरक सेकंदाच्या 5 लाख कोटी भागांपैकी जेमतेम एक भाग भरतो. म्हणून तो आपल्याला कधी जाणवत नाही. अंतर वाढले की मात्र तो वाढतो. देवयानी ही तारकांची दीर्घिका आपल्यापासून सुमारे 25 लाख प्रकाशवर्षे दूर आहे. तिच्या दिशेने चालणारा माणूस बाकावर बसलेल्या माणसाजवळून जातो, त्या क्षणी तिथला दोघांचा ‘आत्ता’ सुमारे 4 दिवसांनी वेगळा असतो!

मग खरेखोटे उरलेच नाही का? उरले आहे. एकाचे आकडे हाती असले, की दुसऱ्याचे आकडे ठरलेल्या सूत्राने काढता येतात. तिथे कोणाच्या मताला जागा नाही. शिवाय वीज पडली आणि त्यामुळे झाड पेटले, हा क्रम कितीही वेगाने जाणाऱ्याला उलटा दिसत नाही. कारण आधी आणि परिणाम नंतर, हे सर्वांसाठी सारखेच राहते.

म्हणून घरात हे वाक्य पुन्हा कानावर आले, तर रागावू नये. मुलांना जवळ बसवून कागदावर एक गाडी आणि दोन विजा काढाव्यात, आणि विचारावे, “सांगा बरे, यातले काय बदलते आणि काय बदलत नाही?”