गाडीचा रंग गेलाय की नुसता मळलाय?

आजचा प्रश्न असा: सात-आठ वर्षं जुनी सेकंडहँड गाडी घेतली, बॉनेट एकदम निस्तेज दिसतंय, तर सरळ पॉलिश मारू का?

जरा थांबा. पत्र्यावर आधी प्रायमर, त्यावर रंग, आणि सगळ्यात वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो. चमक असते ती या थराची, आणि उन्हापासून रंगाला वाचवतो तोही हाच. याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस ७० च्या आसपास असतो, म्हणजे बघा! पॉलिश करायचं म्हणजे हाच थर थोडासा घासून काढायचा. त्याला टॉप-अप नाही. म्हणून आधी मळ काढायचा, आणि मग उरलं तरच घासायचं.

मळ आहे हे कसं कळणार? गाडी शाम्पूने धुऊन कोरडी करा. हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घाला आणि बॉनेटवर बोटं हलकेच फिरवा. खरखर लागली, तर धुऊनही न निघणारं काहीतरी रुतून बसलंय. बहुतेकदा ब्रेकमधून उडणारे लोखंडाचे कण, डांबराचे ठिपके, नाहीतर झाडाचा चीक. पांढऱ्या गाडीवर लोखंडाचे कण बारीक तांबूस ठिपक्यांसारखे दिसतात.

त्यासाठी आयर्न रिमूव्हर मिळतो. सावलीत, पत्रा गार असताना, ग्लोव्ह्ज घालून मारायचा. लोखंड असेल तिथे जांभळे ओघळ येतात. बघायला मजा येते, पण वास भयंकर. बाटलीवर लिहिलेल्या वेळेतच धुवा, अंगावर वाळू देऊ नका. डांबराला टार रिमूव्हर. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याचे पांढरे गोल डाग असतील, तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, एक-दोन मिनिटं, मग भरपूर पाणी.

मग क्ले बार. हा कणकेच्या गोळ्यासारखा मळायचा, चपटा करायचा आणि त्याचं लुब्रिकंट सढळ हाताने फवारून सरळ रेषेत फिरवायचा. जोर अजिबात नको. मळका भाग आत दुमडत राहायचा. गोळा जमिनीवर पडला की फेकून द्या. कितीही महाग असू दे. त्यात खडे चिकटले की तो सँडपेपरच झाला.

आता फोनचा टॉर्च लावून बघा. प्रकाशाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसतायत? ते पॉलिशने जातात. नख अडकतंय असा ओरखडा घासून काढायच्या भानगडीत पडू नका. आणि पापुद्रे सुटल्यासारखे पांढरट चट्टे असतील, तर तिथे क्लिअर कोटच गेलाय. तिथे पॉलिशचा उपयोग नाही, पेंटरच लागेल.

पॉलिश करायचंच असेल तर सर्वात सौम्य पॉलिश आणि मऊ पॅडपासून सुरुवात करा. ड्युअल अ‍ॅक्शन मशीन नवख्या हातालाही बरं, कारण पॅड गोल फिरता फिरता हलतंही, त्यामुळे एकाच जागी उष्णता साठत नाही. घरातल्या ड्रिलला पॅड लावायचा जुगाड रीलमध्ये छान दिसतो, माझं मत विचाराल तर करू नका. टूथपेस्टचंही तेच: त्यातले कण रंगासाठी बनवलेलेच नाहीत.

बॉनेटचा दोन फूट बाय दोन फूट तुकडा निवडा. पॅनलच्या कडांना मास्किंग टेप लावा, कारण कडेला घासून आरपार जायला वेळ लागत नाही. झालं की पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पॉलिशमधलं तेल ओरखडे तात्पुरते बुजवतं, त्यामुळे पुसल्यावर दिसतं तेच खरं. ऐंशी टक्के ओरखडे गेले असतील तर मी तिथेच थांबेन. गाडी रोज ट्रॅफिकमध्ये जाणार आहे, शोरूममध्ये नाही. एक सांगायचं राहिलं: पॅडला गाडीचाच रंग लागला, तर त्या पॅनलवर क्लिअर कोट नसावा. मग हात आणखी हलका.

शेवटी वॅक्स किंवा सीलंट लावाच, कारण या सगळ्यात जुनं वॅक्स निघून गेलेलं असतं. पावसाचं पाणी थेंबांऐवजी पसरून बसायला लागलं, की पुन्हा एक हात मारायचा. क्ले मात्र दर वेळी नको, पिशवीला खरखर लागली तरच.