तळघरे रिकामी केली, माणसे गेली कुठे?

"वस्तीतले लोकच घाणेरडे, म्हणून तिथे रोगराई," हे बोलणे आपल्या कानांवर नेहमी पडते. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमधल्या लिव्हरपूल बंदरातल्या मजुरांनाही हेच ऐकावे लागे. तिथे पुढे काय झाले, ते आपण समजून घेऊ.

लिव्हरपूलमध्ये हजारो मजूर कुटुंबे तळघरांत राहत. ओल, अंधार, हवा नाही. बाकीचे चिंचोळ्या चौकांभोवतीच्या खोल्यांत दाटीने राहत. चौकातला संडास सगळ्यांत मिळून. एडविन चॅडविक यांच्या १८४२ च्या अहवालात तिथल्या मृत्यूचे सरासरी वय दिले आहे: वरच्या वर्गात ३५ वर्षे, मजुरांत फक्त १५. याचा अर्थ सगळे मजूर पंधराव्या वर्षी मरत असा नाही. तान्ही बाळे इतकी दगावत, की सरासरी खाली येई.

पहिला उपाय वस्तीतूनच आला. किटी विल्किन्सन या गरीब बाईने १८३२ च्या कॉलऱ्यात आपली चूल आणि पाणी तापवायचे भांडे शेजाऱ्यांचे कपडे धुवायला मोकळे केले. त्यातूनच १८४२ मध्ये शहरात सार्वजनिक धुलाईघर सुरू झाले. पाणी आणि जागा मिळाल्यावर लोक स्वच्छ राहू लागले.

१८४६ मध्ये शहरासाठी आरोग्याचा कायदा झाला. १८४७ पासून डॉ. विल्यम डंकन हे इंग्लंडमधले पहिले आरोग्य अधिकारी म्हणून कामाला लागले. जोडीला गटारांसाठी अभियंता जेम्स न्यूलँड्स आणि घाण तपासायला थॉमस फ्रेश. पाणी खाजगी कंपन्यांच्या हातात होते, तेही पालिकेने घेण्याचे ठरवले. डंकन यांना वाटे, रोग दूषित हवेने होतो. ते कारण चुकीचे होते. पण गटार आणि पाण्याचा उपाय बरोबर होता.

एक घाव मात्र चुकला. कायद्यात न बसणारी तळघरे रिकामी करायला लावली, पण पर्यायी घरे दिली नाहीत. त्याच वर्षी आयर्लंडच्या दुष्काळातून पळालेली माणसे लोंढ्याने येत होती. बाहेर काढलेली कुटुंबे शेजारच्या भरलेल्या खोल्यांत शिरली. टायफसची साथ भडकली. टायफस म्हणजे टायफॉइड नव्हे. तो अंगावरच्या उवांमुळे पसरतो, आणि दाटीत उवा लगेच एकाच्या दुसऱ्याला होतात.

पालिकेने स्वतः भाड्याची घरे बांधली ती थेट १८६९ मध्ये, सेंट मार्टिन्स कॉटेजेस. त्यांचेही भाडे अगदी गरिबांना झेपणारे नव्हते.

आपल्या मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आली. तिनेही दाट वस्त्या पाडल्या आणि चाळी बांधल्या. परळच्या अशाच चाळीत बाबासाहेब अनेक वर्षे राहिले. पण पाडलेल्या घरांच्या मानाने नवी घरे अपुरीच पडली.

म्हणून आम्ही सांगतो: आरोग्याच्या नावाने घर हलवायची नोटीस आली, तर वस्तीने एकत्र बसून दोन प्रश्न लेखी विचारावेत. पाणी, गटार, संडास आहे तिथेच का देता येत नाही? आणि हलवायचेच असेल, तर झेपेल अशा भाड्यात, कामाच्या जवळ घर कुठे? उत्तरही लेखीच घ्यावे.