दुर्लक्षित कडधान्ये (भाग ७) : कुळथाचे बी आणि पेरणीची तारीख

गेल्या आठवड्यात मटकी पाहिली. आज तिच्याइतकेच काटक पीक घेऊ. कोकणात भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर कुळीथ पेरतात, देशावर मुरमाड, हलक्या रानात हेच पीक हुलगा म्हणून घेतात. शंभर ग्रॅम दाण्यांत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. दक्षिण भारतातल्या नवाश्मयुगीन वस्त्यांच्या उत्खननात कुळथाचे जळके दाणे सापडले आहेत. इतके जुने पीक, पण तूर-हरभऱ्यावर जेवढे संशोधन झाले त्याच्या तुलनेत कुळथाच्या वाट्याला फारच थोडे आले.

घरचे बी सुपात पसरून पाहा. तांबूस, तपकिरी, फिकट पिवळट, काळे, ठिपक्यांचे असे दाणे एकत्र दिसतील. याला भेसळ म्हणण्याची घाई करू नये. कुळथाचे परागण बहुधा फूल उमलण्याआधी कळीतच उरकते, त्यामुळे शेजारच्या झाडाचे पराग क्वचितच मिसळतात. शेतकऱ्याचे बी म्हणजे शेजारी शेजारी नांदणारी अनेक घराणी असतात. त्यातल्या एका झाडाचे बी वेगळे राखले, तर पुढच्या पिढ्या बहुतांशी त्याच वळणावर जातात. स्थानिक बियाण्यातून नवा वाण निवडता येतो तो यामुळेच.

निवडायचे काय? दाण्याचा रंग आधी डोळ्यात भरतो, पण पिकाची खरी अडचण झाडाच्या ठेवणीत आहे. कुळथाचा वेल शेंड्याकडे वाढतच राहतो. खालच्या शेंगा वाळतात तेव्हा वर फुले असतात. वरच्या शेंगांसाठी थांबावे, तर खालच्या तडकून दाणे मातीत जातात. म्हणून पैदासकार उभट, ठरावीक उंचीवर वाढ थांबवणारे आणि एकदम पिकणारे झाड शोधतो. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलोव्ह यांनी १९२० साली मांडले होते की, जवळच्या नात्यातल्या वनस्पतींत एकसारखे बदल समांतरपणे आढळतात. सोयाबीन आणि घेवड्यात वाढ थांबवणारी झाडे मिळाली, आणि दोन्हींत एकाच कुळातल्या जनुकातला बदल त्याला कारणीभूत निघाला. तेव्हा कुळथातही असे झाड शोधण्यात अर्थ आहे. बियाण्यात नाही मिळाले, तर गॅमा किरणांनी बदल घडवून पाहता येतो.

शोधताना एक सापळा मात्र ओळखायला हवा. कुळीथ लहान दिवसांचे पीक आहे. दिवस मोठे असताना पेरले, तर पाला आणि वेल माजतो, फुलोरा लांबतो. तेच बी उशिरा पेरले, तर झाड आखूड राहते आणि लवकर फुलते. दोन हंगामांत मोजलेले एकच घराणे दोन वेगळी वाटावीत इतका हा फरक पडतो. म्हणून नमुने एकाच दिवशी, पुनःपुन्हा मांडलेल्या वाफ्यांत, मधूनमधून ओळखीचा वाण लावून पेरावे लागतात. दाण्याचा रंग आणि शंभर दाण्यांचे वजन बरेच स्थिर असते. झाडाची उंची आणि शेंगांची संख्या पाऊस व झाडांमधल्या अंतरानुसार हलते. पेरणीची तारीख नसलेली नोंद निम्मी फुकट जाते.

मोजमापे जमली की दोन घराणी एकमेकांपासून किती दूर आहेत हे ठरवायचे. त्यासाठी आपले पैदासकार आजही प्रशांतचंद्र महालनोबिस यांची १९३६ची अंतरपद्धती वापरतात. ती मुळात माणसांच्या शरीरमापांच्या अभ्यासातून आली. अनेक गुण एकत्र तोलून ती अंतर सांगते, आणि शेजारच्या गावांतली घराणीही कधी फार दूरची निघतात. चांगल्या गुणांची पण दूरची जोडी निवडली की संकरातून नव्या जुळण्यांची शक्यता वाढते. निवड नेमकी असणे इथे जास्तच गरजेचे, कारण कुळथाची कळी लहान असते आणि उमलण्यापूर्वीच चिमट्याने तिचे पुंकेसर काढावे लागतात.

पैदासकाराला खटकणारा पसरट वेल शेतकऱ्याच्या उपयोगाचा असतो. तो जमीन झाकतो, तण दाबतो आणि मळणीनंतर जनावरांना पाला देतो. दाण्याचे उत्पादन हा एकच निकष लावून अशी घराणी टाकून दिली, तर हलक्या रानात आज पिकणारा कुळीथच हातचा जाईल. म्हणून उभट वाणाचा शोध चालू असताना पसरट वेलांचेही बी जतन व्हायला हवे.

असे बी जतन करणाऱ्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोचे एक प्रादेशिक केंद्र अकोल्यात आहे. शीतगृहातले बी टिकते, पण शेतात मोजल्याशिवाय त्याचे गुण कळत नाहीत. आपल्या घरी जुने बी असेल, तर विद्यापीठाला किंवा बीजबँकेला देण्याआधी ते रंगानुसार निवडू नका. पेरणीचा महिना, जमिनीचा पोत, मिश्रपीक आणि पाल्याचा उपयोग लिहून सोबत द्या. नमुना कोणत्या हंगामात मोजायचा आणि कशासाठी राखायचा, हे या चार ओळींवरून ठरेल.

पुढच्या आठवड्यात : वाल.