‘मोफत’ कॉम्प्युटर कोर्समध्ये नक्की काय मोफत असतं?

‘सरकारी खर्चाने कोर्स करा, दरमहा खात्यात पैसे मिळवा!’ असा मेसेज तुमच्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला असेल. अशा मेसेजमध्ये बऱ्याचदा दोन वेगळ्या योजना एकत्र केलेल्या असतात. शाहूवाडी तालुक्यातून कोल्हापूरला जाऊन कोर्स करायचा विचार असेल, तर आधी हा फरक समजून घ्या.

मदत तीन प्रकारची असते

१. फीमाफी: केंद्राची प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना २०१५ मध्ये सुरू झाली. तिच्या चौथ्या टप्प्यात कोडिंग, ड्रोन, एआय असे कोर्सही आले. यात सरकार फी थेट प्रशिक्षण केंद्राला देतं, ती तुमच्या खात्यात येत नाही. मराठा-कुणबी तरुणांसाठी ‘सारथी’चा संगणक कौशल्य कार्यक्रमही असाच मोफत आहे.

२. विद्यावेतन: राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ ची. तिच्यात बारावी पासला ६ हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८ हजार आणि पदवीधराला १० हजार रुपये दरमहा ठरले. पण हे पैसे कंपनीत किंवा कार्यालयात प्रत्यक्ष काम शिकण्याचे आहेत, क्लासला बसण्याचे नाहीत. ज्यांचं शिक्षण सुरू आहे, त्यांना ही योजना लागू नाही.

३. कर्ज: केंद्राच्या कौशल्य कर्ज योजनेची मर्यादा २०२४ मध्ये दीड लाखावरून साडेसात लाख झाली. तारण लागत नाही, पण व्याज लागतं. आणि नोकरी लागली नाही तरी हप्ते चुकत नाहीत.

मग अडतं कुठे?

फी माफ झाली, तरी खोलीचं भाडं, मेस आणि एसटीचा खर्च उरतोच. मलकापूरहून रोज ये-जा करायची म्हटलं तरी दिवसाचे काही तास प्रवासात जातात. मुलींना एसटीत २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, मुलांना नाही. खेड्यातल्या मुलाचं शिक्षण फीइतकंच राहण्या-जेवणापाशी अडतं, हे राजर्षी शाहू महाराजांनी ओळखलं होतं. म्हणून १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी राहिली. आजच्या तीन-सहा महिन्यांच्या कोर्ससाठी मात्र हा खर्च बहुतेकांना स्वतःच करावा लागतो.

फॉर्म भरण्याआधी केंद्रात हे विचारा

- फी पूर्ण माफ आहे की आधी भरून नंतर परत मिळणार?
- राहण्याची किंवा प्रवासाची मदत आहे का? कोणाला?
- एसटीच्या विद्यार्थी पाससाठी दाखला द्याल का?
- प्रमाणपत्र कोण देणार?
- मागच्या बॅचमधल्या किती जणांना नोकरी लागली? त्यांच्यापैकी कोणाशी बोलता येईल का?

उत्पन्नाचा दाखला आणि लागू असल्यास नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा. आधार बँक खात्याशी जोडलेलं आहे ना, तेही तपासा. ‘सीट पक्की करतो’ म्हणत कोणी पैसे मागितले, तर देऊ नका. प्रवेश सुरू आहेत का, ते योजनेच्या सरकारी वेबसाइटवर पाहा, मग खोली शोधा.